फडक्यातल्या आळ्या

नगरच्या कॉलेजात शिकवणारे गहिनीनाथ कर्डिले एकच कोडं सोडवत होते: एका पेशीतलं द्रव्य शेजारच्या पेशीत थेट जातं का? गटारात वाढणाऱ्या लाल आळ्यांच्या लाळग्रंथीतल्या पेशी मोठ्या, म्हणून बहात्तरच्या दुष्काळात लोक टँकरमागे धावत आणि हे गटारामागे.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे मार्गदर्शक प्रयोग पाहायला येणार होते. प्रयोग फसला तर संशोधन बंद. नेमकी तेव्हाच आळ्यांची बादली रिकामी दिसली.

"पानी वाया घालवता व्हय, मास्तर?" शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या. "गाळून म्हशीला पाजलं."

"आणि आळ्या?"

"फडक्यात हायेत. कोंबड्यांना टाकनार हुते."

कर्डिल्यांनी ओलं फडकं छातीशी धरून आणलं.

सकाळी एका पेशीत टोचलेला रंग शेजारच्या पेशीत सरकला. मार्गदर्शकांनी चष्मा पुसून सूक्ष्मदर्शकात पुन्हा पाहिलं.

"कर्डिले, आता तिसऱ्या पेशीत जातो का बघू."