काडेचिराइताचा चहा

काडेचिराईत ही वनस्पती कडू असते. हे वाक्य मी जितक्या शांतपणे लिहिलंय, तितक्या शांतपणे ती घशाखाली उतरत नाही.

बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. मुलुंडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आई, कुसुमताई आणि मी अशी तिघं राहत होतो. मी चोवीस वर्षांचा, कचेरीत कारकून (म्हणजे कायद्याने सज्ञान!). त्या वर्षी मला हिवताप झाला. एक दिवसाआड दुपारी तीनला हुडहुडी भरायची, ती दोन गोधड्या आणि वर ताई बसली तरी थांबायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी निमूट घेत होतो. पण आईचं समाधान गोळ्यांवर कुठलं? तिने काष्टौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं, डोंगराच्या पायथ्याहून सातविणीची साल मागवली, आणि दोन्ही उकळून दिवसातून तीनदा पेलाभर काढा सुरू केला.

पहिला पेला मी प्यायलो. दुसरा मोरीत ओतला.

"रम्या, मोरी पिवळी कशी रे झाली?"

मोरीचा मार्ग बंद झाला. तिसरा पेला खिडकीतून सोडला. खाली तळमजल्यावरच्या गोखलेकाकांचं पांढरंशुभ्र धोतर वाळत होतं! काका ते धोतर घेऊनच वर आले. "माझ्या धोतराला कावीळ झालीय!" असं म्हणाले आणि त्या दिवसापासून खिडकीखाली खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

अशात रविवारी ताईला बघायला अंधेरीची मंडळी यायची होती. मुलगा आणि त्याचे वडील, निवृत्त हेडमास्तर. याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता. सकाळपासून ताईने एकच पातळ चारदा नेसून सोडलं होतं.

पाहुणे आले. चहा उकळत होता. आईने माझ्या हातात पेला दिला. "मी बाहेर बसते. हा इथे उभ्याउभ्या संपव."

मोरीचा पडदा ओढून ताई तोंड धूत होती. खिडकीखाली काका. आणि आई आत डोकावली! मी डोळे मिटले आणि पेला समोरच्या पातेल्यात रिकामा केला. चहाच्या पातेल्यात.

"प्यायलास?"

"हो," मी ओठ पुसत म्हणालो.

सांगावं, असं वाटत होतं. पण तोवर ताईने चहा गाळून, कप भरून ट्रे उचललासुद्धा!

"चहा आमच्या कुसुमनेच केलाय हो!" आई म्हणाली.

हेडमास्तरांनी एक घोट घेतला आणि त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. मुलाने मात्र ताईकडे बघत घोट घेतला, मग दुसरा, मग अख्खा कप संपवला.

"छान झालाय," तो म्हणाला. आवाज जरा बसला होता.

ताईचा चेहरा असा खुलला, की मला दाराआड लपावंसं वाटलं. "अजून घ्या ना," म्हणत तिने दुसरा कप भरला. त्याने तोही घेतला!

"घरात कुणाला हिवताप आहे का?" हेडमास्तरांनी विचारलं. "यात काडेचिराईत आहे. सातवीणही आहे. लहानपणी कोकणात आम्ही दुसरं प्यायलोय काय!"

"रम्याऽऽ!" आई ओरडली.

ताईने उरलेला चहा चाखला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही... तुम्ही दोन कप का प्यायलात?"

"तुम्ही समोर बघत होतात," तो म्हणाला. "कप खाली कसा ठेवणार?"

ताई रडता रडता हसली. हेडमास्तर खो खो हसले. "कुसुमताई, एवढं प्यायल्यावर आता आमच्याकडून नकार यायचा नाही. तुमचं काय ते बोला!" ताईने पदराने डोळे पुसले, आईकडे बघितलं आणि मान डोलावली.

मग सगळे माझ्याकडे वळले. आईने नवा पेला भरला. पुरावा म्हणून गोखलेकाकांनाही वर बोलावलं. पाच साक्षीदारांसमोर मी तो प्यायलो, तळाच्या गाळासकट. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं.

हेडमास्तर उठले. माझ्या पाठीवरून हात फिरवत, गहिवरल्याचा आव आणून म्हणाले, "बघा, बघा! बहीण सासरी जाणार म्हणून कसा रडतोय! असा प्रेमळ भाऊ आजकाल कुठे मिळतो?"

मी नाक पुसलं आणि आणखी मोठ्याने हुंदका दिला.