घोड्याखालची चिंधी

मी मोजणी खात्यात होतो. साखळी तेहतीस फुटांना अर्धा इंच कमी भरली, तर मी सगळं शेत पुन्हा मोजायला लावी. हा माणूस चुकत नाही, असं लोक म्हणत आणि मलाही ते खरं वाटे.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. पनवेलमध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. बेलपाड्याकडचा एक म्हातारा शेतकरी मोजणीमुळे ओळखीचा झाला होता. डोंगरालगत त्याचं भात. रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक. खंडेनवमीला तो परवान्याच्या तपासणीसाठी आला. कचेरीतले साहेब जेवायला गेले होते, म्हणून तासाभरासाठी बंदूक माझ्या घरी ठेवून बाजारात निघाला.

"बार भरलेला हाय, सायेब," तो म्हणाला. "सकाळी डुक्कर पळाला, आन गावात बार कुठं काढू? ठिणगीची टोपी काढलीय, घोड्याखाली चिंधी दाबलीय. ती हलवू नका. तोंड भिंतीकडं राहू द्या."

"दादा, मला मोजमाप शिकवता?" मी हसलो.

"तुमी जमीन मोजता. ही मोजून देत नाय," म्हणत तो पायरी उतरला.

मी पूजेसाठी अर्धी रजा काढली होती. पाटावर साखळी, फूटपट्टी, अडकित्ता, विळी मांडली होती. दारात आलेलं शस्त्र पूजेवाचून कसं ठेवायचं? बंदूकही मांडली. रांग सरळ दिसावी म्हणून तिचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे आलं. टोपी नाही म्हणजे बार उडणार नाही, असा माझा हिशेब होता. चिंधी तेलकट, काळी; देवापुढे बरी दिसेना, म्हणून काढली. घोड्याखाली सापट राहिली, त्यात दोन उदबत्त्या छान बसल्या. हळदकुंकू वाहून मी हात जोडले.

उदबत्तीचा निखारा टोपीच्या जागच्या उघड्या छिद्रातून दारूवर पडला असावा. आवाज झाला, खोली धुरानं भरली. बायको नैवेद्याचं ताट घेऊन दारात आली होती. चौकटीत अकरा छर्रे रुतले होते, जमिनीपासून पाऊण ते दीड फुटांवर. बारावा तिच्या पोटरीत होता. आमचं मूल अजून पाळण्यात होतं. रांगतं असतं तर, हा हिशेब मी पुढे कधी केला नाही.

शेजारी जमले, डॉक्टर आले, मग फौजदार. म्हातारा बाजारातून परतला तोच गर्दीत सापडला.

"बंदूक भरलेली आहे, असं यानं सांगितलं होतं का?" फौजदारांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. भरलेली बंदूक गावात आणली ही त्याची चूक होतीच. पण सांगितलं नाही, ही त्याची नव्हती. बंदूक जप्त झाली. भात कापणीला आलेलं.

संध्याकाळी पाय उशीवर ठेवून बायको म्हणाली, "त्यांचं सगळं बोलणं मला चुलीपाशी ऐकू आलं. तुम्ही तर समोर उभे होता."

कचेरीत कळलं तर नोकरीचं काय, हे मनात घोळवत मी दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी जाऊन खरा जबाब लिहून दिला. फौजदारांनी तो दोनदा वाचला आणि मला बसायलाही सांगितलं नाही. बंदूक सुटायला आणखी सतरा दिवस गेले.

मी बेलपाड्याला गेलो. बांधावरूनच दिसलं: पाऊण शेत लोळवलेलं, लोंब्या चिखलात. सवयीनं डोळे अंतर मोजू लागले, तसे मी खाली वळवले.

"डुकरांनी तुमचं नाव घेतलं, सायेब," म्हातारा म्हणाला. "म्हनाले, मोजणी बरोबर हाय."

मी माफी मागितली. त्यानं पाणी दिलं.

आता कोणाच्याही घरी बंदूक दिसली, तर रिकामी म्हणोत की भरलेली, मी ती भरलेलीच धरतो. नळी कुठे रोखली आहे ते आधी बघतो. आणि मालकानं जे हलवू नका म्हटलं, त्याला हात लावत नाही. बंदूक घरात नसणाऱ्यानंही हे जाणावं. माझ्या घरात ती एक तासच होती.

पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशी म्हातारा आमच्या पायरीवर टेकला. चहा घेतला, बायकोच्या पायाची चौकशी केली. साहेब जेवायला गेले होते. बंदूक त्याच्या मांडीवर आडवी, तोंड रिकाम्या गल्लीकडे.

"आत ठेवू का?" मी विचारलं.

"नको, सायेब," तो म्हणाला. "बसतो मीच तिला घेऊन."