दाराबाहेरची खुर्ची

आग्नेस आँटी कधी फोन करत नाहीत. त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, इस्पितळात नर्स आहेत आणि शिफ्टच्या मधल्या वेळात लांबलचक आवाजी मेसेज पाठवतात. त्यामुळे बहरीनमधल्या गुदैबिया मोहल्ल्यात, आमच्या घराखालच्या हॉटेलात मी पराठे बांधून घेत असताना त्यांचं नाव फोनवर वाजायला लागलं, तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. "बाय, सेलिन गेली गं..." एवढंच त्या बोलल्या. ज्यांच्या दवाखान्यात मी शिकत होते त्या डॉ. सेलिन परेरा सुट्टीला वसईला गेल्या होत्या. सकाळी अंगणातल्या झाडांना पाणी घालता घालता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. पराठेवाला विचारत होता, "और कुछ?" खलास, म्हटलं, और कुछ नहीं... त्याला आता काही आठवडे झाले. मी अजून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते. त्या होत्या तेव्हाही तेच करायचे, सवय सुटत नाही.

आमची ओळख माझ्या गरजेतून झाली. मला डॉक्टर व्हायचंय, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजात शिकायचंय. तिथले हे डॉक्टर इतर डॉक्टरांसारखेच पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात. शिवाय हातांनी सांधे-स्नायू तपासून उपचार करायला शिकतात. अर्ज करण्याआधी अशा एखाद्या डॉक्टरबरोबर राहून त्यांचं काम जवळून बघायचं आणि त्यांचं शिफारसपत्र जोडायचं, अशी मी निवडलेल्या कॉलेजांची अपेक्षा होती. याला शॅडोइंग म्हणतात. बहरीनमध्ये असा डॉक्टर शोधायला मी निघाले आणि सगळं गुदैबिया मदतीला धावलं, तिथंच घोटाळा झाला. अब्बांच्या एका मित्राने मला मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाठवलं. दुसऱ्याने साबुदाण्यासारख्या गोळ्या देणाऱ्या होमिओपॅथकडे. मॉलजवळच्या व्यायामशाळेत एक खरोखरीचा ऑस्टिओपॅथ सापडला, माणूस भला, पण इंग्लंडात शिकलेला. तिकडे ते हातांनी उपचार करतात, पण डॉक्टर नसतात. कॉलेजने कळवलं, हे चालणार नाही. इस्पितळांना धाडलेल्या ईमेलना तर उत्तरंच आली नाहीत.

मला फार राग यायचा, अजूनही येतो. ज्यांच्या घरात डॉक्टर, त्यांच्या मुलांना काकाच्या नाहीतर मामाच्या दवाखान्यात जागा मिळते. माझे अब्बा गोदामात क्लार्क, त्यांनी कुठून आणायचा मामा? अब्बांनी तरुणपणी कोकणात, आमच्या म्हसळ्याच्या बाजारात हुंड्याविरुद्ध, मजुरीच्या हक्कासाठी पत्रकं आणि पुस्तिका वाटल्या. आखातात येताना कपड्यांखाली त्याच पातळ पुस्तिका भरून आणल्या. शाळा इंग्रजी, पण मराठी वाचायला मी त्या पुस्तिकांवर शिकले, त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. 'ओळखीवर चालणारी डॉक्टरी' हा मथळा मी तयार ठेवला होता... आणि मग आग्नेस आँटींच्या ओळखीनेच डॉ. परेरांच्या सनाबिसमधल्या दवाखान्यात जाऊन बसले. अब्बा हसून म्हणाले, "मथळा बदल आता."

डॉ. परेरा बुटक्या, केस बारीक कापलेल्या, चपला दाराशी काढून मोज्यांवर काम करणाऱ्या. अमेरिकेत शिकून, तिथे बरीच वर्षं काम करून, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि नवऱ्यामागेही इथेच राहिल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी पेशंटच्या मागे माणूस उभा करत नाही. तो तपासून घ्यायला येतो, प्रदर्शन मांडायला नाही." झालं, मी पेटले. म्हटलं, तुम्हीही कुणाच्या तरी मागे उभं राहूनच शिकला असाल. तुमचं शिकून झालं, आता दार लावून घेताय! त्या चिडल्या नाहीत. "बूट काढ," म्हणाल्या. "टेबलावर पालथी हो." मग त्यांनी रिसेप्शनवर नुकत्याच लागलेल्या मुलीला आत बोलावलं आणि माझ्या डोक्यामागे उभं केलं. मला ती दिसत नव्हती, तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. डॉक्टरांची बोटं माझ्या पाठीवरून सावकाश खाली आली आणि कमरेच्या वर एका जागी थांबली. "इथं दुखतं?" मी म्हटलं, नाही.

मुलगी बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "दुखतं तुला. बोटाला कळलं माझ्या. मग नाही का म्हणालीस?"

"ती बघत होती..."

"अच्छा. आणि माझ्या पेशंटने तुझ्यासमोर खोटं बोललेलं चालेल तुला?"

मी टेबलावरून उतरून बूट घातले. मग त्यांनी अटी सांगितल्या. प्रत्येक पेशंटला मी स्वतः विचारायचं, त्याला समजेल त्या भाषेत, तो खोलीत शिरण्याआधी. हो म्हणाला तर त्याला माझा चेहरा दिसेल अशा जागी बसायचं. नाही म्हणाला तर दाराबाहेरच्या खुर्चीवर. "आणि मी पेशंटकडे तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही," हे सगळ्यात शेवटी.

ती खुर्ची पाण्याच्या मशीनशेजारी होती, निळी, एका पायाने जराशी लंगडी. सुरुवातीचे बरेच दिवस मी तिच्यावरच काढले. हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं, मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं. लोक हसून, लाजून, कधी नुसती मान हलवून नाही म्हणत. अर्जाची मुदत जवळ येत होती. दाराबाहेर बसून मी डॉक्टरांचं काम काय बघणार होते? एकदा न राहवून म्हटलं, तुम्ही नुसतं एकदा सांगितलंत तर लोक हो म्हणतील. "म्हणतीलच," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? म्हणून तर तू विचारायचं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ? तुझ्या अब्बांच्या पुस्तिकांत लिहिलं नाही का असं?" लिहिलं होतं. गिरणीतल्या कामगारांबद्दल, न विचारता निकाह लावून दिलेल्या मुलींबद्दल लिहिलं होतं. टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.

मग एके दिवशी हमीदचाचा आले. आमच्या म्हसळ्याकडचेच, मनामात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. दिवसभर जड खोकी चढवायची आणि उतरवायची. मला बघताच थबकले. "अगो, तू कासमची पोर ना? नको, नको. आज तू बघशील, उद्या गुदैबियात बोंब होईल हमीदची कंबर गेली म्हणून. शेठच्या कानावर गेलं तर व्हिसा रिन्यू करील का तो?" मी बाहेर जाऊन बसले. पुढच्या वेळी आले तेव्हा मी विचारायच्या आधीच त्यांनी बोट नाचवलं. "तुझ्या बापाला मशिदीबाहेर गाठलेलं मी. विचारलं, कसा दिसतो मी, तब्येत काय म्हणते? म्हणतो, चाचा, तुम्ही तर घोड्यासारखे!" स्वतःशीच हसले. "म्हणजे घरातसुद्धा बोलली नाहीस. चल, बस आत."

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं, डॉक्टर परेरा काय करतात ते. फोटो, रिपोर्ट सगळं आधी वाचलं, गोळ्या बदलल्या, पायातली ताकद तपासली. मग चाचांना उभं करून म्हणाल्या, "खोकं उचलून दाखवा. नसलेलं." चाचांनी हवेतलं खोकं उचललं, आणि उचलताना ते कसे एका बाजूला वळतात ते मलाही दिसलं. मग टेबलावर त्यांच्या पाठीखाली हात सरकवून डॉक्टर नुसत्या थांबल्या. मला वाटलं, काहीच चाललेलं नाही. चाचांचा श्वास हळूहळू लांबत गेला, आणि कुठल्याशा श्वासाला त्या हातांनी काहीतरी अगदी थोडं हलवलं. चाचा छताकडे बघत बोलायला लागले... कामाबद्दल, गावच्या घराबद्दल, रात्री कुशीवर वळताना डोळ्यांत पाणी येतं त्याबद्दल. माझ्यासमोर बोलत होते. खोटं एकही बोलत नव्हते. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळीपण विचार हां, पोरी. दर वेळी हो म्हणेन असं नाही."

हळूहळू हो म्हणणारे वाढले. नाही म्हणणारेही राहिले, आणि त्या खुर्चीवर मला पहिल्यासारखी चरफड होईना. डॉक्टरांची आणि माझी शेवटची भेट त्या वसईला निघण्याच्या आदल्या दिवशी झाली. मी अर्जाचा फॉर्म घेऊन गेले होते. डॉक्टरबरोबर किती तास घालवले ते त्यात लिहायचं असतं. विचारलं, बाहेर बसले ते तास कुठे लिहू? त्या बॅगेची चेन ओढत म्हणाल्या, "तेही धर. तेच जास्त आहेत!" आणि मग, चेन अडकली म्हणून तिच्याशी झटापट करत, मान वर न करता, "पत्र पाठवलं मी तुझं सकाळी. लिहिलंय, ही मुलगी भांडखोर आहे, पण बाहेर थांबू शकते." मला उत्तर द्यायचं होतं, भांडखोर या शब्दावर तर नक्कीच. म्हटलं, परत आल्यावर भांडू.

त्या गेल्यानंतर एका कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि गेल्या आठवड्यात हमीदचाचांचा फोन आला. डॉ. परेरांच्या खोलीत आता एक लेबनीज फिजिओथेरपिस्ट बसतात, चाचांना त्यांच्याकडे जायचं होतं. "सोबत ये गो. माल उतरवायची अरबी येते मला, दुखण्याची येत नाही." खोली तीच, टेबल तेच. टेबलामागे भिंतीला टेकून एक शिकाऊ मुलगी उभी होती, हातात पेन. चाचा टेबलापर्यंत गेले आणि थांबले. "त्यांना सांग," मला म्हणाले, "ही कोण ते मला कुणी विचारलं नाही." मी सांगितलं. फिजिओथेरपिस्ट गोंधळले, माफी मागितली आणि मुलीकडे बघितलं. मी तिला हळूच म्हटलं, तू विचार, तूच. तिने हिंदीत विचारलं, कानापर्यंत लाल होत. चाचांनी पुरता विचार केला. दाढीवरून हात फिरवला. मग अगदी मायेने म्हणाले, "आज नको, बेटा. पुढच्या वेळी, इंशाल्ला."

मुलगी बाहेर गेली. दार लोटता लोटता मी पाहिलं, ती पाण्याच्या मशीनशेजारच्या निळ्या खुर्चीवर जाऊन बसली होती, खट्टू चेहऱ्याने. खुर्ची तिच्याखाली जराशी लंगडली. मी दार पुन्हा थोडं उघडून तिला म्हटलं, "हे तासही लिहून ठेव."