कानानं कोण पडतं?

"तोंड उघड. हाऽ कर."

बोईसरच्या कारखान्यात, पत्रा ठोकायच्या खात्यात, चाळीस माणसांसमोर मी सुपरवायझरच्या नाकाशी तोंड उघडलं. वास आला नाही. मग त्यानं जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवरून चालायला लावलं. चार पावलं गेलो आणि सगळी शेड गरकन फिरली. पडलो. तिथंच ओकलो. लोक हसले.

"बाप ताडी काढतो, पोरगा पितो. ह्यांची जातच तसली."

"मी नाय पिलो, साहेब. डावा कान वाजतो, मंग गरगरतं."

"कानानं कोण पडतं रे?"

मला तरी कुठं ठाऊक होतं? सहा वर्षं मशीन माझ्या डाव्या हाताला धडधडत होतं, एवढंच ठाऊक.

माझ्याआधी बातमी पाड्यावर पोचली. बा जन्मभर ताडावर चढणारा माणूस. बातमी त्याला खरी वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं झाडांवरची सगळी मडकी उतरवली आणि अंगणात पालथी घातली. पोरगा आपल्याच मडक्यातली चोरून पितो, असं वाटलं त्याला. मी कानाचं सांगितलं, तर तोही म्हणाला, "कानानी कोण पडतं?" साहेबाचं बोलणं गिळलं होतं. हे गिळवेना.

पालघरला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "तोल सांभाळणारा भाग कानाच्या आतच असतो, ऐकण्याच्या शेजारी. तुमच्या डाव्या कानातलं हे दोन्ही मशीनच्या आवाजानं बिघडलंय. गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही." मला कुणी 'तुम्ही' म्हटल्याचं ते पहिलंच. चिठ्ठी लिहून दिली.

सुपरवायझरनं ती उलगडलीसुद्धा नाही. आपला कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं, दारू पिऊन कामावर आलो, पुन्हा तसा येणार नाही.

"सही कर नि कामाला लाग."

पेन हातात घेतलं. समोर माझ्या लायनीतली पाच माणसं उभी होती. साहेब काय बोलतो ते ऐकायला मान वाकडी करून. उजवा कान पुढं. पाचांचाही.

पेन खाली ठेवलं.

"नाय करणार."

त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. नंतर कुठल्याच कारखान्यानं घेतलं नाही. बा मरेपर्यंत त्याला माझं पटलं नाही. मडकी पालथीच राहिली. अजूनही जमीन मधूनच फिरते, मी भिंत धरून बसतो.

पण त्या खात्यातलं कुणी पडलं असं कळलं की भिंती धरत का होईना, त्याच्या घरी जातो. धीर द्यायला नाही. धीर माझ्याजवळही नाही. त्याच्या उजव्या बाजूला बसतो आणि एवढंच सांगतो, "सही करू नको."