संगरोधावर फवारणी कोणती?

सासऱ्यांच्या मोसंबीच्या बागेत, त्यांच्या सगळ्यात लाडक्या झाडाच्या बुडाशी, मी स्वतःच्या हातानं एक नासकं परदेशी संत्रं नेऊन ठेवलं.

आता हे कुठल्याही जावयाच्या हातून होऊ शकतं. पण माझी त्या काळातली नोकरीच मुळी बागायतदारांना हे सांगण्याची होती, की बाबांनो, बाहेरदेशी फळ बागेत नेऊ नका. त्याच्या पोटात आपल्याकडं नसलेली अळी, बुरशी, काय वाटेल ते असू शकतं. वरून इंग्रजी परिपत्रकं यायची. मी औरंगाबादच्या कचेरीत बसून त्यांचं मराठी करायचो आणि मग जीपमधून गावोगाव फिरून ते मराठी लोकांना परत मराठीत समजावून सांगायचो. क्वारंटाइनला सरकारी शब्द 'संगरोध'. मला तो फार आवडे. नुसता उच्चारला तरी आपण हुद्द्यानं एक पायरी वर गेल्यासारखं वाटे. पिशोरच्या सभेत मी मनसोक्त संगरोध करून झाल्यावर मागून एक म्हातारा उठला.

"साहेब, समदं समजलं. पर ह्या संगरोधावर फवारणी कोणती मारायची?"

हा किस्सा मी पुढं म्हाताऱ्याची गंमत म्हणून ज्याला त्याला सांगत हिंडलो. सासुरवाडीला जेवताना सासऱ्यांनाही सांगितला, सोबत सगळे नियम सांगितले, पुढच्या खेपेला परत सांगितले. ते खाली मान घालून दुधात भाकरी कुस्करत राहिले. मला वाटायचं, ऐकत नाहीत.

सासुरवाडी चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याला. सासऱ्यांचा जन्म निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शनच्या सालचा, त्यामुळं गावात कुणाचंही वय काढायचं झालं की यांच्यापासून मोजायला सुरुवात होई. बोलणं मात्र इतकं थोडं, की लग्नानंतर पहिली दोन वर्षं ते माझ्यावर रागावलेले आहेत अशीच माझी समजूत होती.

त्या आश्विनात नव्या बोअरला पाणी लागलं म्हणून त्यांनी सत्यनारायण घातला. मला निमंत्रण, साडूला निमंत्रण. साडू वाळूजच्या कंपनीत, येताना काजूबदामाचे डबे घेऊन येणारा. दर वेळी सासूबाई ते डबे उघडून शेजारणींना दाखवत आणि मी आणलेली केळी कोपऱ्यात काळी पडत. म्हटलं, या खेपेला नाही. जालना रोडवर तेव्हा एक काचेचं फळांचं दुकान निघालं होतं. तिथून परदेशी संत्री घेतली. एकेक संत्रं जाळीच्या टोपड्यात, कपाळावर स्टिकर, आणि कुठल्या देशाचं ते इतक्या बारीक अक्षरांत की माझ्या चष्म्यालाही दिसेना.

बायको एसटीत म्हणाली, "अहो, मोसंबीच्या मळ्यात संत्री? पैठणला कुणी पैठणी घेऊन जातं का?"

"परदेशी आहेत."

"मग काय, देव पासपोर्ट बघणारे?"

सासूबाईंना मात्र ती पसंत पडली. चौरंगावर त्यांनी काजूच्या पुढं संत्री मांडली, तीही स्टिकर बायकांना दिसतील अशा बेतानं. पोथी संपेपर्यंत मी साडूकडं अधूनमधून पाहत होतो. तो फारच भक्तिभावानं डोळे मिटून बसला होता.

आरती झाली. प्रसादाला फळं घेताना एक संत्रं सासूबाईंच्या अंगठ्याखाली दबलं. बाजूला तपकिरी डाग, आणि डागाच्या मधोमध टाचणीएवढं भोक. सासूबाईंनी ते हळूच फुलांत सरकवलं. देवापुढचं फळ उकिरड्यावर कसं टाकायचं? पाय पडतो.

"पाव्हणं, तेवढं निर्माल्य झाडाच्या बुडाला ठिवून या."

जावयाला सासुरवाडीत काम मिळणं ही दुर्मिळ गोष्ट. मी ताम्हन उचललं आणि थेट बागेत गेलो. वाटेवरच्या पहिल्याच झाडाशी, ज्याला सासरे येता-जाता हात लावत, तिथं फुलं, विड्याची पानं आणि ते संत्रं व्यवस्थित ठेवलं. वर हातही जोडले. संगरोध हा शब्द त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हता. तो कचेरीतल्या कपाटात होता.

पुरणपोळीचं जेवण झालं आणि बागवान आला. झाडावरचा माल उभ्यानं घेणारा शहागंजातला व्यापारी. सासऱ्यांचं सगळं वर्ष त्याच्या त्या दिवसाच्या बागेतल्या फेरीवर होतं. मागल्या साली शेजारच्या बागेत त्याला झाडाखाली चार किडकी फळं दिसली आणि तो चहादेखील न घेता निघून गेला होता. पुढं त्या बागेकडं दुसरा कुणी बागवानही फिरकला नाही.

बाजेवर बसता बसता तो सासऱ्यांना म्हणाला, "मियाँ, बाग में कीड़ा हो तो पहलेच बोल देना. बाद में दोस्ती खराब होती."

सासरे म्हणाले, "फिरून बगा." तेवढ्यात लाइट आली आणि ते मोटर चालू करायला उठून गेले.

मैदान मोकळं झालं. समोर बागवान, साडू आणि जेवून सुस्तावलेले पाच-सहा शेतकरी. मला कुणी बोला म्हटलं नव्हतं.

"इथं कीड कशी येईल?" मी म्हणालो. "मी आहे ना. आपले नियम ठरलेले. बाहेरचं फळ बागेत न्यायचं नाही. साल, बी, देठ, काही टाकायचं नाही. शंका आली की फळ पिशवीत घालायचं, गाठ मारायची, उन्हात ठेवायचं. आणि आत काय आहे ते ठाऊक नसेल तर..."

"तर?" साडूनं विचारलं. त्यानं माझं बोलणं लक्ष देऊन ऐकल्याची ही पहिली वेळ.

"तर कीड आहे असंच समजायचं," मी म्हणालो, आणि मला ताम्हनातलं ते भोक पडलेलं संत्रं आठवलं.

लघवीचं निमित्त सांगून मी बागेकडं निघालो. झाडाशी फुलं होती. विड्याची पानं होती. संत्रं नव्हतं.

कावळ्यानं नेलं? कुत्र्यानं? नेलं तर टाकलं कुठं? एखादं फुटकं परदेशी संत्रं बागवानाच्या पायाखाली आलं आणि त्यातून काही वळवळत निघालं, तर? मी हातापायांवर येऊन फांद्यांखाली शिरलो. मोसंबीला काटे असतात हे मी भाषणात कधी सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी माझ्या नव्या सदऱ्याला कळलं. तिसऱ्या झाडाखाली असताना समोर चार पाय दिसले. दोन बागवानाचे, दोन साडूचे.

"क्या गिर गया, साब?"

"अंगठी," मी म्हणालो.

माणूस घाबरला की पहिलं जे तोंडाला येईल ते बोलतो. माझ्या तोंडाला नेमकं तेच आलं ज्यानं माझा घात व्हावा. बागवान भला माणूस. सोनं म्हटल्यावर त्यानं टोपी सारखी केली आणि उकिडवा बसून पाचोळा चाळायला लागला. साडू दुसऱ्या ओळीत. शेतकरीही आले. जी जमीन बागवानानं निरखून पाहू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, ती तो आता माझ्यावरच्या दयेपोटी पान पान उलटून पाहत होता. मी त्याच्या पुढं पुढं रांगत होतो, संत्रं त्याच्या आधी मला सापडावं म्हणून.

एवढ्यात बायको आली. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अंगठी? ती तर घरी कपाटात आहे. तुमच्या बोटात जात नाही म्हणून काढून ठेवलीय की."

साडूनं गुडघे झटकले. तेही मला ऐकू येईल असे झटकले.

बागवान मात्र उठून बागेवरून नजर फिरवत राहिला. "एक बात है," तो म्हणाला, "इत्ते झाडां के नीचे देखा, एक भी फल कीड़े का नै." मोटरीकडून सासरे येत होते. दोघांनी रुमालाखाली हात घेतले, बोटांनी भाव झाला, आणि बागवानानं या खेपेला चहाच काय, पुरणपोळीही खाल्ली.

तो गेल्यावर मी सासऱ्यांजवळ गेलो. न सांगता निघून जावं असंही एकदा मनात आलं, पण संत्रं अजून बागेत कुठंतरी होतं. म्हटलं, "मामा, सकाळी निर्माल्य ठेवताना माझ्याकडून जरा..."

त्यांनी हनुवटीनं न्हाणीच्या पत्र्याकडं दाखवलं. तिथं उन्हात एक पारदर्शक पिशवी होती, दोन गाठी मारलेली. आत माझं संत्रं, स्टिकरसकट. पिशवीवर हळदीकुंकू.

"मोटरीकडं जाताना दिसलं," ते म्हणाले. "संगरोध केलाय."

"देवाचा परसाद असा बांधून तापवत्यात व्हय?" ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या. हळदीकुंकू त्यांचं होतं. एवढ्या अटीवर त्यांनी पिशवीला परवानगी दिली असावी.

त्यात खरंच अळी होती, की नुसता शीतपेटीचा मार लागून साल सडली होती, हे मला आजतागायत माहीत नाही. पिशवी सोडून बघू या, असं मी तेव्हा म्हणालो होतो. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा फाटका सदरा, गुडघ्यांची माती, केसांतला पाचोळा, सगळं सावकाश पाहून घेतलं.

"नगं," ते म्हणाले. "पिशवी लहान होती, पाव्हणं. नायतर आणणाऱ्यालाबी त्यातच बांधला असता."