अकोल्यातला बंद कूलर

अमरावतीत मी इंग्रजी बोलायला शिकवतो. त्या शनिवारी वर्गात ‘खोलीतला हत्ती’ घेतला. सगळ्यांना दिसते, सगळ्यांना अडचण होते, पण जिचं नाव कोणीच काढत नाही, अशी गोष्ट म्हणजे इंग्रजांचा हा हत्ती. आपल्या लोकांना तोंडावर खरं बोलवत नाही, असंही मी पोरांना वर ऐकवलं. मोठा शहाणा!

रविवारी अकोल्याला घरी गेलो. धाकट्या बहिणीला पाहायला वरूडचे पाहुणे येणार होते. तिच्या मानेवर कोडाचा डाग आहे. आई म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी पसंती तं होऊ दे.” मलाही पटलं. बहिणीला मानेभोवती पदर घ्यायला मीच लावलं, आणि तो उडू नये म्हणून कूलर बंद केला. मे महिन्यात, अकोल्यात.

पाहुणे घामानं निथळत होते. वरूडकडे विहिरींचं पाणी किती खोल गेलं, संत्र्याची झाडं कशी जगवायची, यावर बोलणं चाललं होतं. मुलाच्या आईनं एकदा कूलरकडे पाहिलं आणि रुमालानं गळा पुसला. मी पंख्याचं बटण उगाच फिरवून आलो.

बहीण उठली. तिनं कूलर लावला आणि त्याच्यासमोरच बसली. पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

“दादा, मी यायले डागाचं फोनवर कवाच सांगतलं होतं,” ती मुलाकडे पाहत म्हणाली.

“हो, पोरानं सांगतलं आमाले,” मुलाची आई म्हणाली. “आमी म्हटलं, कूलर बिघडला असन. इचारलं तं तुमाले वाईट वाटन.”

सगळे हसले, आईसुद्धा. मला मान वर करवेना. ती जे सरळ सांगून मोकळी झाली होती, त्याची लाज मी एकटा धरून बसलो होतो. पाहुणे निघताना बहीण मला हळूच म्हणाली, “तुले माही एवढी लाज वाटते, हे मले आज समजलं.”

लग्न ठरलं. सोमवारी वर्गात एका मुलीनं हत्तीचं घरगुती उदाहरण मागितलं. मी कूलरचीच गोष्ट सांगितली. फक्त घर शेजाऱ्याचं केलं.