वस्तऱ्याचा हात

मी दारू पीत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या केशोरी गावात यावर विश्वास ठेवणारा एकही माईचा लाल नव्हता. बस थांब्याजवळ माझं कटिंगचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक आरसा आणि बाकड्यावर दिवसभर फुकटचा पेपर वाचणारे रिकामटेकडे.

त्या सकाळी मी एका मास्तरांचे कल्ले सरळ करत होतो, आणि उजवा हात आपोआप थरथरायला लागला. थंडी नाही, ताप नाही, काही नाही. मांडीवर ठेवला की गप्प, वस्तरा उचलला की सुरू. मी हात झटकला, पाणी प्यायलो, म्हटलं, "एक मिनिट, सर." मास्तरांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"काऊन गा, सकाळी सकाळीच?"

बाकड्यावरचे फिदीफिदी हसले. झालं! दुपारपर्यंत गावभर झालं की न्हावी पेऊन दुकानात येते. ज्यांच्या तोंडाचा वास मी रोज नाक दाबून सहन करतो, तेच मला अक्कल शिकवायला लागले. एक जण म्हणे, थोडी कमी करत जा. अरे, तुझ्या बापाची घेतली का मी, की कमी करू?

डॉक्टरला दाखव, असं मात्र एकानंही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. गावच्या दवाखान्याच्या ओट्यावर माझीच गिऱ्हाइकं बसलेली असतात. हाताला काय झालं, एवढं कुणी विचारलं की माझा धंदा बसला. दारुड्या न्हाव्याला लोक हसतात, पण खुर्चीत बसतात, कारण दुपारपर्यंत याची उतरेल असं त्यांना वाटतं. रोगी न्हाव्यापुढे गळा कोण धरेल? मीही धरला नसता. म्हणून दातओठ खाऊन गप्प राहिलो. म्हणू दे पेताड म्हणायचं तर.

घरी मात्र हे चालण्यासारखं नव्हतं. माझ्या बायकोचा बाप दारूपायीच मेला. लग्नाच्या बोलणीत ती सगळ्यांसमोर मला एवढं एकच विचारून गेली होती, "पेता का?" मी नाही म्हटलं होतं, आणि वीस वर्षं ते खरं होतं. गावातलं तिच्या कानावर आलं तेव्हाही तिनं माझं तोंड हुंगलं, वास नाही म्हणाली आणि विषय सोडला. आठ दिवस रोज तेल लावून हात चोळून दिला.

मग गावातल्या एका मोठ्या घरचा म्हातारा गेला. दहाव्याला तलावावर घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी भादरायची होती. त्या घराचा मान माझ्या आजोबापासून आमचा, नाही म्हणायची सोय नव्हती. अकरा डोकी. पहिलं थोरल्या मुलाचं. वस्तरा टेकवला आणि कानामागून रक्त आलं.

"फुटले का बे डोळे?" तो ओरडला. बाप गेलेला माणूस, त्याला मी काय बोलणार?

तेवढ्यात त्यांच्या भावकीतला एक म्हातारा स्टीलचा गिलास घेऊन आला. मोहाची, पहिल्या धारेची. "याची उतरली हाये, म्हणून हात नाचून राहिला. घे बापा दोन घोट. बसते हात."

तो गिलास मी त्याच्या टाळक्यात घालायला पाहिजे होता. पण समोर ओलं डोकं आणि दहा जण रांगेत. डोळे मिटून प्यायलो. घसा जळत गेला. पाव तास झाला असेल, आणि काय सांगू, हात एकदम स्थिर! थोरल्याचं पुरं झालं, मागची दहाही झाली, नवा एक ओरखडा नाही.

"पाहा, म्हटलं होतं का नाही?" म्हातारा टाळ्या देत फिरला. सगळा गाव शहाणा ठरला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी पेताड असल्याचा पुरावा मीच माझ्या हातानं दिला होता.

आणि वर गाढवपणा केला. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी दोन घोट. औषध म्हणून. वरून मूठभर बडीशेप. घरी सांगायचो, तुझ्या तेलानं गुण आला. ती खूश व्हायची. दोन घोटांचे चार झाले, चारांचा अर्धा गिलास झाला.

एका दुपारी ती डबा घेऊन आली आणि फणी शोधताना आरशामागे तिच्या हाताला बाटली लागली. बाकड्यावरच्यांनी पेपर खाली ठेवले.

"हे काय होय?"

"औषध. कालच आणली," मी म्हटलं.

"वा रे औषध! माहा बापही हेच म्हणे."

"हात पयले हालला, दारू त्याच्या मांगून आली. आईची आन."

तिनं बाटली परत आरशामागे ठेवली. मग म्हणाली, "उद्या गोंदियाले मोठ्या डाक्टरकडे चला. बिमार निघाले तं मी तुमच्या संग. पेताड निघाले तं येताना कोहमाऱ्याले उतरून जाईन." कोहमाऱ्याला तिचं माहेर.

आता डॉक्टरला भिऊन भागणार नव्हतं. सकाळी काही न पिता निघालो. गोंदियाच्या डॉक्टरनं मला कागदावर चकलीसारखं गोल काढायला लावलं. भरलेला पाण्याचा गिलास धरायला लावला. अर्धं पाणी माझ्या पँटवर. मग त्यानं विचारलं, "शराब पीने के बाद कंपन कम होता है क्या?"

बायको बाजूच्या स्टुलावर बसली होती. नाही म्हटलं तर डॉक्टर भलताच रोग शोधत बसणार.

"होता है," मी म्हटलं.

"कितने दिन से पी रहे हो?"

"पंद्रह दिन. रोज."

ती बोटांवर दिवस मोजायला लागली. डॉक्टर म्हणाला, ही बिमारीच आहे, दारूनं तेवढ्यापुरती दबते आणि लोक त्यातच फसतात. दारू आजपासून बंद. गोळ्या लिहून दिल्या.

परतीच्या बसमध्ये मी नुसता फुगलो होतो. डॉक्टरचा तो कागद बाकड्यावरच्या एकेकाच्या नाकावर घासायचं ठरवत होतो. "पाह्यलं? बिमारी हाये! मी खोटा होतो का?"

"बिमारी मानली," ती म्हणाली. "अन् पंधरा दिवस माह्या तोंडावर खोटं बोलले, ते कोणती बिमारी होय?"

तेवढ्यात कोहमारा आलं. तिनं पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून माझ्या खिशात घातली आणि उठली.

"अवं, मी बिमार निघालो ना!" मी अख्ख्या बससमोर ओरडलो.

"हो," ती म्हणाली. "गोळ्या टायमावर घ्या." आणि उतरली.